काळ्या मोहऱ्यांच्या बाजूला

स्पर्धेत जोड्यांचा कागद भिंतीवर लागला की मुलं समोरच्याच्या नावाआधी रेटिंग वाचतात. आकडा मोठा दिसला की तिथंच खांदे पडतात. मंचरला बुद्धिबळाचा वर्ग घेताना हे सतत बघतो आणि फार वाईट वाटतं. म्हणून २८ जुलै २०२५ ला मी मुलांना मुद्दाम बोलावून घेतलं. पहिला श्रावणी सोमवार. शाळा लवकर सुटलेल्या, भीमाशंकरकडे निघालेल्या गाड्यांची रीघ.

जॉर्जियात बाटुमीला महिला विश्वचषकाची अंतिम लढत टायब्रेकवर आली होती. एकीकडे कोनेरू हम्पी, डिसेंबर २०२४ मध्येच जलद बुद्धिबळाची जगज्जेती झालेली. दुसरीकडे आपल्या नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख, पंधरावं मानांकन, रेटिंग हम्पीपेक्षा ८० गुणांनी कमी.

"मग ती हरणारच ना, सर?" घोडेगावहून येणाऱ्या मुलीनं विचारलं.

मी फळ्यावर हिशोब मांडला. ८० गुणांचा फरक असेल तर शंभर डावांत वरच्याला साधारण ६१ गुण, खालच्याला ३९.

"एकोणचाळीस? म्हणजे बरेच की!"

पहिला जलद डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. मोबाइलवर दिसेल ती चाल मी मोठ्या पटावर लावत होतो. संगणक कुणाला वरचढ ठरवतोय ते मात्र मुलांना दिसू दिलं नाही. त्यांचं त्यांनी ठरवावं. मोहरी कमी होत गेली तशी दोघं-तिघं "बरोबरी, बरोबरी" म्हणू लागली. घोडेगावची पोर उठली आणि काळ्या मोहऱ्यांच्या बाजूला जाऊन बसली. हम्पीचं घड्याळ संपत आलं होतं. त्या घाईत तिच्या हातून चूक झाली आणि दिव्यानं पकड सुटू दिली नाही. एकूण अडीच-दीड! ग्रँडमास्टर किताबाचा एकही नॉर्म नसताना या विजयानं तिला थेट तो किताब मिळाला, भारताची ८८वी ग्रँडमास्टर. पडद्यावर ती आईच्या गळ्यात पडून रडत होती, इकडे पोरं बाकं बडवत होती.

या विजयाला चमत्कार म्हटलेलं मला पटत नाही. अंतिम फेरीत येताना तिनं दुसरं मानांकन असलेल्या झू जिनरला, द्रोणावल्ली हरिकाला आणि माजी जगज्जेत्या तान झोंगयीला हरवलं होतं. हे सगळं त्या मुलीला सांगत होतो, पण तिचं लक्ष पटावर होतं. मोहरी मागे सरकवत ती म्हणाली, "सर, ही चाल आली तिथून पुन्हा लावा. पांढऱ्याकडून मी खेळून बघते."