विद्यार्थ्यांच्या कविता कपाटातून बाहेर कोण काढणार?

जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत दरवर्षी एक हस्तलिखित निघते. आत आई, पाऊस, झाड आणि माझी शाळा या विषयांवरच्या कविता असतात. 3 जानेवारीला सावित्रीमाईंच्या जयंतीला किंवा स्नेहसंमेलनाला त्याचे प्रकाशन होते. पाहुण्यांच्या हातात देऊन फोटो काढला जातो, तो फोटो शाळेच्या ग्रुपवर पडतो आणि हस्तलिखित कपाटात जाते. कविता लिहिणारे मूल, तपासणारे शिक्षक आणि पाने चाळणारे पाहुणे, एवढाच त्या कवितेचा समाज.

जालना जिल्ह्यात अंबड, घनसावंगी, मंठा या भागात ऊसतोड कुटुंबांच्या मुलांसोबत मी काम करते. त्यामुळे शिक्षकांशी रोजचा संबंध. त्यातले काही जण मनापासून विचारतात, "ताई, या कवितांचं पुढं काय करायचं?" पण थोडा विश्वास बसला की हेच शिक्षक दुसरी एक वही काढून दाखवतात. हस्तलिखितात न घेतलेल्या कवितांची.

अशाच एका वहीत सातवीतल्या मुलीची कविता होती. आई पहाटे तीनला उठते, मोळ्या बांधते, धाकटा भाऊ उसाच्या पाचटावर झोपतो. शेवटी ती मुकादमाला विचारते की आमची उचल फिटते तरी कधी? मुकादमाचे नाव कवितेत होते. सरांनी ती कविता नीट जपून ठेवली होती, पण बाहेर काढली नव्हती. कारण साधे होते. त्या मुकादमाचे नातेवाईक शाळा व्यवस्थापन समितीवर होते. शिवाय मुलीच्या आईबापाला पुढच्या हंगामाची उचल त्याच्याकडूनच घ्यायची होती.

मी त्या सरांना भित्रे म्हणणार नाही. चळवळीतले आपले काही मित्र लगेच म्हणतील. पण भाषण ठोकून संध्याकाळी घरी जाणाऱ्याने, त्याच गावात वर्षानुवर्षे नोकरी करणाऱ्या माणसाच्या धैर्याचे मोजमाप करू नये. माझा मुद्दा वेगळा आहे. शिक्षक एकटा आहे म्हणून खरी कविता कपाटात राहते. समाज त्याच्या मागे उभा नसेल तर तो पाऊस आणि फुलपाखरेच छापणार. (पावसाशी माझे वैर नाही. आमच्याकडे तो पडला तर आनंदच आहे.)

आपल्या इतिहासात याचे ठळक उदाहरण आहे. जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये 15 फेब्रुवारी आणि 1 मार्च 1855 च्या अंकांत छापून आला. तो निबंध काही गोड नव्हता. पेशवाईत अस्पृश्यांचे काय हाल झाले ते त्यात होते, वेद आमचे नाहीत तर आमचा धर्म कोणता, हा सवाल होता, बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बायांचे दुःख होते. शाळेची बदनामी होईल, विरोधक आणखी खवळतील, अशी कारणे तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी जास्त खरी होती. तरी तो निबंध छापला गेला, आणि मुक्ताच्या नावानेच छापला गेला. छापला गेला म्हणूनच तो आज आपल्या हातात आहे. तिच्या सोबतच्या मुलींनी काय लिहिले असेल, ते कायमचे गेले.

हेही लक्षात घ्या की 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मिशनऱ्यांचे पत्र होते. बाबासाहेबांचा 'मूकनायक' यायला त्यानंतर 65 वर्षे लागली. आज आपल्याकडे छापखाने आहेत, वाहिन्या आहेत, खिशाखिशात मोबाईल आहे. तरी सातवीतल्या पोरीची कविता गावात वाचायला जागा मिळत नाही, याला काय म्हणायचे?

मराठवाड्यालाही हे काम नवे नाही. डॉ. गंगाधर पानतावणे हे तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयात मराठी शिकवत. त्यांच्या 'अस्मितादर्श'ने कितीतरी नव्या दलित कवींना पहिल्यांदा छापील पान दिले, आणि लेखक-वाचकांचे मेळावे भरवून लिहिणाऱ्याला ऐकणाऱ्यासमोर आणले. एक प्राध्यापक हे करू शकला, कारण बाबासाहेबांनी उभी केलेली संस्था आणि जागा झालेला समाज त्याच्या भोवती होता. खेड्यातल्या प्राथमिक शिक्षकाभोवती आज काय आहे? ऑनलाइन माहिती भरण्याची कामे.

म्हणून आम्ही शिक्षकांना एवढेच सांगतो, तुम्ही लिहून घ्या, बाहेर काढायला आम्ही सोबत येतो. दिवाळीनंतर टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. बरीच मुले गावातल्या हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात. त्यांच्या आईबापाला कवितेच्या कागदाचा फोटो पाठवून उपयोग नाही, कित्येकांना वाचता येत नाही. मुलाच्याच आवाजात ध्वनिमुद्रण करून पाठवले की ते रात्री कोपीत ऐकले जाते, शेजारच्या कोपीतही ऐकले जाते. एका आईने ते चार वेळा लावायला सांगितले, असे तिच्या दिराने कळवले.

वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन होते. ते संपल्यावर दोन मुले आपल्या कविता वाचतात. तांड्यावरच्या मुलांसाठी आम्ही तांड्यावरच जातो. तिथे एक गोष्ट कळली. गोरमाटीत लिहिलेली कविता आजीने पहिल्यांदा समजून ऐकली, शाळेने 'शुद्ध' करून दिलेली तिला परकी वाटली होती. 'व्हतं'चे 'होते' करण्यात शिक्षकांची फार शक्ती जाते. ती भाषा त्या मुलाच्या घरची आहे, तिला चूक म्हणून लाल शाई कशाला?

मुलाला विचारल्याशिवाय आणि घरच्यांच्या कानावर घातल्याशिवाय काहीही बाहेर जात नाही. जात, गाव, आडनाव लिहायचे की नाही, हे मूल ठरवते. त्या सातवीतल्या मुलीच्या आईने फोनवर सांगितले, "नाव काढ, बाकी ऱ्हाऊ दे." मुलीने नावाच्या जागी टिंबे दिली. विहारात वाचताना तिथे ती थांबली आणि पुढे गेली. नंतर त्या मुकादमाने सरांना विचारले म्हणे, कोणाबद्दल होतं ते? सर म्हणाले, कवितेत तर नाव नाही. त्या वेळी विहार समितीचे दोघे शाळेत येऊन बसले होते. मला हवे ते एवढेच होते.

आता आपल्या घरचेही बोलू. 14 एप्रिलला आपण जे व्यासपीठ उभारतो, त्यावर मुलांच्या वाट्याला काय येते? नाच, नाहीतर पाठ करून म्हटलेले भाषण. बाबासाहेबांबद्दल मुलाने दुसऱ्याचे लिहिलेले बोलावे आणि स्वतःबद्दल गप्प बसावे, हे मला पटत नाही. एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक टोळ्यांचा पट्टा पडलेला असतो, माणसे गावी परतलेली असतात. ऐकायला आईबाप समोर असण्याचा हाच दिवस.

यंदाच्या जयंतीच्या बैठकीत मी मुलांसाठी वीस मिनिटे मागितली आहेत. डीजेचे भाडे ठरले, वक्ते ठरले. वीस मिनिटांचा विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे.