मोरी तुंबली म्हणजे

आमच्या नगरमध्ये पाण्याचा इतिहास अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. अहमद निजामशहाने शहर वसवले आणि पुढे निजामशाहीत कापूरवाडी, शेंडी, वडगाव, नेप्ती अशा आसपासच्या गावांकडून पाणी उताराने शहरात आणले गेले. भाजलेल्या मातीचे खापरी नळ चुन्यात बसवून ही कामे झाली. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास उभारले, कारण नळात हवा कोंडली की पाणी अडते. हे सारे आम्ही शाळेत मुलांना सांगतो. पण आलेले पाणी वापरून झाल्यावर कुठे जाते, हा प्रश्न इतिहासाच्या तासाला कोणी विचारत नाही. 2024 मध्ये शहराचे नाव सरकारी कागदावर अहिल्यानगर झाले. मोरी तुंबायची ती दोन्ही नावांत तुंबते.

साहित्याच्या अंकात मोरी कशाला, असे कोणी म्हणेल. पण तहारतीवर आपल्याकडे जितके बोलले जाते तितके क्वचितच दुसऱ्या कशावर बोलले जात असेल. वजूचे पाणी कोपरापर्यंत पोचले की नाही हे लहान मूलही सांगते. तेच पाणी मोरीच्या जाळीखाली गेले की आपला संबंध संपतो. मग ते तुंबले तर बाटली आणायची, नाहीतर माणूस बोलवायचा. या दोन्ही उपायांत कोणाचा तरी हात भाजतो किंवा कोणाचा तरी जीव जातो, म्हणून हे लिहावेसे वाटले.

आमच्याकडे नळ रोज येत नाही. टाकी, पिंप, बादल्या भरून ठेवायच्या आणि मगाने जपून पाणी वापरायचे, ही सवय घराघरात आहे. काटकसर चांगलीच, पण तिचा एक परिणाम असा की पाइपातून पाण्याचा जोराचा लोट कधी जातच नाही. थोडे थोडे पाणी सरकते आणि भाताची शिते, चहाचा चोथा, केस, साबणाचा साका मागे राहतो. या सगळ्याला धरून ठेवते ती चरबी. बकऱ्याची चरबी साधारण 40 ते 50 अंशांच्या दरम्यान वितळते. सालनाचे पातेले गरम पाण्याने धुतले की ती पातळ होऊन जाते खरी, पण दोन-तीन हात पुढे गार पाइपात पोचली की तिथेच थिजते. बकरी ईदला तर विचारूच नका. वजडी चुना लावून मोरीतच साफ होते, खरवडलेले सगळे तिथेच वाहून दिले जाते आणि चौथ्या दिवशी गल्लीत प्रत्येक घरी मोरीत गुडघाभर नाही तरी घोटाभर पाणी उभे असते.

मग येते बाटली. शेजारच्या खालाने एकदा आधी कॉस्टिक सोडा टाकला. तासाभरात पाणी उतरले नाही, म्हणून त्यावर फरशी धुण्याचे ॲसिड ओतले. "पहला डालके खुल्या नहीं तो दूसरा डाली मैं," असे ती नंतर सांगत होती. पाणी उकळून वर उसळले. हातावर उडाले, एक शिंतोडा भुवईवर. कोणी हळद आणली, कोणी टूथपेस्ट, कोणी लिंबू पिळायला निघाले. तिच्या सुनेने कोणाचे ऐकले नाही. नळाला पाणी नव्हते, म्हणून पिंपातले पाणी मगाने हातावर, चेहऱ्यावर ओतत राहिली, चांगली पंधरा-वीस मिनिटे, आणि मगच रिक्षा बोलावली. डोळा वाचला तो तेवढ्यामुळे, असे डॉक्टर म्हणाले. पिंपभर पाणी गेले म्हणून खालाला तेव्हाही हळहळ वाटत होती!

वर्गात आम्ही आम्लाला तुरशा आणि आम्लारीला असास म्हणतो. दोन्ही एकत्र आले की तादील होते, मीठ आणि पाणी तयार होते, हे मुले घोकून सांगतात. पण ही तादील होताना किती उष्णता निघते ते परीक्षेत विचारत नाहीत. ॲसिडचा ब्लिचिंग पावडरशी संबंध आला तर क्लोरिन वायू सुटतो; बंद न्हाणीघरात तो फुफ्फुसे जाळतो. कॉस्टिक सोड्यावर पाणी ओतले तर तो तडतडून उडतो. ॲल्युमिनियमच्या भांड्यात तो कालवला तर भांडे खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन सोडतो. चरबीशी त्याचा साबण होतो हे खरे, पण अर्धवट झालेला तो साबणच पाइपात दगडासारखा बसतो. आणि बाटली टाकूनही पाणी उतरले नाही तर मोरीत आता नुसते पाणी नसते, तेजाब असते. त्यात हात घालणाऱ्याला ते कळत नाही. खाणेसोडा आणि व्हिनेगरचा फेसाळ नुस्खाही पुष्कळ जण सांगतात. त्याने कोणाला इजा होत नाही, पण मोरीही उघडत नाही. दोघे एकमेकांची तादील करून मोकळे होतात.

आम्ही घरी जे करतो ते अगदी साधे आहे. आधी पाहायचे की एकच मोरी तुंबली आहे की घरातल्या सगळ्याच. एकच असेल तर अडथळा बहुतेक तिच्या ट्रॅपमध्ये असतो. उभे पाणी मगाने बादलीत काढायचे, रबरी हातमोजे घालायचे, जाळी उचलायची. नहाणी ट्रॅपमध्ये एक वाटीसारखा भाग असतो. तो बाहेर काढला की निम्म्या वेळा केसांचा आणि शितांचा गोळाच हाती येतो. वाटी धुऊन परत बसवायलाच हवी. तिच्याभोवती साठणारे पाणी गटाराचा वायू आणि झुरळे अडवते. सिंकखाली बाटलीसारखा ट्रॅप असेल तर खाली बादली ठेवून तो हाताने फिरवून उघडता येतो.

एवढ्याने न भागले तर रबरी पंप. त्याची टोपी बुडेल इतके पाणी हवे, आणि सिंकला वरच्या बाजूला जास्तीचे पाणी जाण्याचे भोक असेल तर ते ओल्या फडक्याने दाबून धरायचे. नाहीतर सगळा जोर तिथून निसटतो. पंधरा-वीस वेळा वरखाली करायचे. आधी काही ओतले असेल तर मात्र पंपाला हात लावायचा नाही, कारण तेच उसळून तोंडावर येते. त्यापुढे तारेची स्प्रिंग, जी हळूहळू फिरवत आत सरकवायची. गरम पाणी टाकायचे ते हाताला चटका बसेल इतपतच. उकळत्या पाण्याने पीव्हीसीचा पाइप मऊ पडून सांधे सुटतात. घराच्या मागे वर गेलेला हवेचा पाइपही बघावा. त्यात कबुतराने घरटे केले किंवा वास येतो म्हणून कोणी त्याचे तोंड बंद केले, तर मोरी गुडगुड करत राहते. खापरी नळांच्या उच्छ्वासामागची अक्कल तीच होती.

सगळ्याच मोऱ्या एकदम उभ्या राहिल्या तर अडथळा बाहेर, चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टाकीत असतो. इथे घरचा उपाय संपतो. त्या बंद जागेत हायड्रोजन सल्फाइड साठतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, मग वायू वाढला की नाकच बधिर होते आणि वास गेला, म्हणजे धोका गेला असे वाटते. एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. झाकण थोडा वेळ उघडे ठेवले म्हणून आत उतरणे सुरक्षित होत नाही. शेजारी विडी पेटवणेही नको. यंत्राची गाडी बोलवायची, माणूस उतरवायचा नाही. 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय सेप्टिक टाकीत किंवा गटारात माणूस उतरवणे गुन्हा ठरवले आहे. हा कायदा फक्त महापालिकेला नाही, घरमालकालाही लागू आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशा मृत्यूंना दहा लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितले होते. ऑक्टोबर 2023 मध्ये ती तीस लाख केली. माणसे अजून उतरतात.

उतरतो कोण, हे आपल्याला ठाऊक आहे. फारसीत मेहतर म्हणजे मोठा माणूस, सरदार. हलालखोर म्हणजे हलालचे, कष्टाचे खाणारा. शब्द एवढे थोर, आणि त्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या माणसाला चहा फुटक्या कपात. यात मुसलमान मोहल्ले मागे नाहीत. मुसावातीवर तकरीर ऐकून घरी आलेल्या माणसाने बांबूची कामटी घेऊन दारात उभ्या असलेल्याला पाणी लांबून ओतलेले आम्ही पाहिले आहे. त्या माणसाने नुकतीच त्याच घराची तहारत चालू करून दिली होती.

बकरी ईदला आता आम्ही काही घरे मिळून एक करतो. पातेली धुण्याआधी जुन्या वर्तमानपत्राने पुसायची, चरबी रिकाम्या डब्यात थिजू द्यायची आणि घंटागाडीत द्यायची. वजडीचे खरवडलेले मोरीत न टाकता बादलीत घ्यायचे. मोरीवर बारीक जाळी, आणि धुणे झाले की एक भरलेली बादली एकदम ओतायची, मगाने नाही. पिंप जपणाऱ्यांना हे शेवटचे पटत नाही. खाला जाळीही वापरते, डबाही भरते, पण उकळते पाणी टाकल्याशिवाय मोरी साफ होत नाही असे तिचे अजून म्हणणे आहे. तिच्या जुन्या घराचा पाइप बिडाचा आहे, तेव्हा आम्ही वाद घालत नाही.