उरळीचा अळणी घास

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उरळी कांचन लागतें. १९४६ सालीं गांधीजींनीं येथें निसर्गोपचाराचें कार्य सुरू केलें. पित्तानें गांजलेले आम्ही त्या आश्रमांत आठ दिवस राहिलों. उकडलेली भाजी, कच्ची काकडी, ताक. फोडणी नाहीं, मिरची नाहीं! पहिले दोन दिवस जिभेनें बंडच पुकारलें. तिसऱ्या दिवशीं मात्र दुधी भोपळ्यास स्वतःची अशी गोडी असते, हें पन्नाशीच्या उंबरठ्यावर आम्हांस प्रथमच उमगलें. पोटही शांत झालें.

घरीं परततांच आमचें पान पंक्तींत निराळें वाढण्यास सांगितलें. आमटीची पळी हातांत तशीच धरून मातोश्री क्षणभर थबकल्या. ‘माझ्या हातचें बाधतें का रे तुला?’

आम्हीं निमूटपणें वाटी पुढें केली.