गाडी तीच का?

जुन्या वस्तूंवरची माया मोठी विचित्र असते. भांड्याला कल्हई केली तरी भांडे तेच; वहाणेला नवा तळ लावला तरी वहाण आपलीच. पण मोटारीचे इंजिनच बदलले तर? गेल्या मे महिन्यात हा प्रश्न आमच्या घरी उभा राहिला.

भंडारा जिल्ह्यातल्या दिघोरीला गोठ्याशेजारी बाबांची प्रीमियर पद्मिनी उभी असते. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या कंपनीची ही गाडी; बाबांनी ती १९८५ साली घेतली. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीदेखील २०२३ च्या ऑक्टोबरात गेली. आमच्या गाडीच्या १०८९ सीसी इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला. नुसत्या बोअरिंगने भागणारे दुखणे नव्हते ते. भंगारवाल्याने भाव सांगितला. आईने जेवण टाकले नाही, पण बोलणे टाकले.

दादा शेतकरी. पंपाची इंजिने उघडून त्याचा हात बसलेला. त्याने नागपूरहून तसलेच जुने इंजिन आणले. बॅटरीच्या तारा सोडल्या, पाणी आणि तेल काढले, बॉनेट नि रेडिएटर उतरवला. वहिनींनी तारेतारेला चिठ्ठी बांधली. लोखंडी घोड्याला चेन-कप्पी लावून इंजिन वर उचलले, तेव्हा कोणी खाली हात घालायचा नाही, असा दादाचा हुकूम होता. खरी परीक्षा नवे बसवताना झाली. क्लच-प्लेट नेमकी मध्यावर नसेल तर गिअरबॉक्सचा दांडा आत शिरत नाही. दोन तास ते धूड बोटभर पुढे, बोटभर मागे होत राहिले आणि मग एकदम बसले.

इंजिनाचा नंबर नोंदणी-पुस्तकात असतो. बदलला तर परिवहन कार्यालयात नोंद करून घ्यावी लागते. ती भंडाऱ्याला झाली. चॅसिस जुनी, इंजिन दुसरे, गाडी तीच. सरकारचे समाधान झाले.

आईचे व्हायचे होते. बाबा शेतावरून परतले की नजर न उचलता ती चहाचे आधण ठेवी. आवाज तिच्या कानांत बसलेला. दादाने गाडी सुरू करून वाड्याला वळसा घातला, उतरला, दार दोनदा आपटून लावले. पहिल्यांदा ते कधीच लागत नाही.

“आवाज दुसऱ्याचा आहे,” ओसरीवरून आई म्हणाली, “दार मात्र त्यांचंच.”

भंगारवाला जुने इंजिन न्यायला आला, तेव्हा आम्ही दोघे भाऊ घुटमळलो. आईच म्हणाली, “ने रे बाबा. वाटेत पडलंय.”