शिकस्त

शाळेतून बाहेर पडलेली एक मुलगी नोकरीचा इंग्रजी अर्ज दाखवायला आली. शेवटी लिहिले होते, 'प्लीज रिव्हर्ट'. आमचे डोके तडकले. "रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला परतणे. उत्तर हवे तर रिप्लाय लिही! इंग्रजीचे पार वाटोळे केलेत तुम्ही!"

तिने कागदाची घडी केली. "सर, उर्दू शाळेची ना मी," ती हळूच म्हणाली.

आम्हाला आमचे बी.एड.चे दिवस आठवले. प्राध्यापक म्हणाले होते, 'प्रयत्नांची शिकस्त करा.' उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव. आम्ही भाबडेपणाने विचारले, "सर, हरण्यासाठी प्रयत्न करायचे?" वर्ग खो खो हसला. त्यानंतर कित्येक महिने आम्ही वर्गात मराठी बोललो नाही.

फारसीतला पराभव मराठीत येऊन पराकाष्ठा झाला. त्याला कुणी भाषेची घसरण म्हटले नाही. मग कचेऱ्यांमधून रूढ झालेल्या 'रिव्हर्ट'चा राग या पोरीवर का काढावा?

चूक दाखवणे आमचे कामच आहे. पण त्या हसणाऱ्या वर्गात आम्ही कधी जाऊन बसलो, ते कळलेही नाही.

"बस, बेटा," आम्ही म्हणालो. लाल पेन खिशात ठेवले आणि पेन्सिल काढली.