बॉस, तुझा पत्ता काय?

सी भाषेत नेटवर्कचा कोड लिहिणाऱ्याला आयपी पत्त्यांचं फार कौतुक नसतं. चार आकडे, मध्ये टिंबं, संपलं. पण त्यात काही पत्ते असे आहेत की ज्यांच्यामागे कुठलं एक घरच नाही. मला ते भारी आवडतात, मी गासचा म्हणून असेल कदाचित. आमच्याकडे घर शोधायला आळी आणि आजोबांचं नाव पुरतं. कागदावर मात्र २०१४ साली जिल्हा ठाण्याचा पालघर झाला. घर तिथंच, वाडी तिथंच, पत्ता बदलला!

तर, १२७.०.०.१ म्हणजे ‘मी स्वतः’. इथं पाठवलेलं मशीनच्या बाहेर पडतच नाही. गंमत म्हणजे १२७ने सुरू होणारे सगळेच्या सगळे, १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते, याच कामाला राखलेत. स्वतःशी बोलायला एवढी जागा? विरार लोकलमध्ये मिळती तर!

०.०.०.० हा सीमधला ‘इनअ‍ॅडर_एनी’. सर्व्हरने तो बाइंड केला की अर्थ होतो, कुठल्याही दारानं या. वायफाय, केबल, सगळं उघडं. आमच्या टीममधल्या नव्या मुलानं टेस्ट सर्व्हर असाच लावला होता. शिकवणीच्या उदाहरणांत तेच असतं, त्याचा काय दोष? पण आत ग्राहकांचे खरे फोन नंबर होते, आणि त्याच वायफायवर बाहेरून आलेले पाहुणे. ‘एनी’च्या जागी ‘लूपबॅक’ केलं, दार बंद.

२५५.२५५.२५५.२५५ म्हणजे चर्चची घंटा, सगळ्यांना एकदम. फक्त राउटर तिला वेशीबाहेर जाऊ देत नाही. खरी मेख इथंच आहे. टाइप केलेला पत्ता आकड्यात बदलणारं जुनं फंक्शन, ‘इनेट_अ‍ॅडर’, पत्ता कळला नाही की वजा एक परत करतं. ३२ बिटांत वजा एक म्हणजे नेमका हाच पत्ता. म्हणजे ‘पत्ता चुकलाय’ आणि ‘सगळ्यांना सांग’ यांचं उत्तर एकच! ब्रॉडकास्टची परवानगी आधीच दिलेली असेल, तर एकासाठीचा निरोप गावभर.

‘इनेट_पीटॉन’ बरं. जमलं तर १, पत्ता कळला नाही तर ०, आणि पत्ता वेगळ्या जागी. आयपीव्ही६लाही चालतं. त्या मुलाला सोमवारी तेच काम दिलंय. जुन्या कोडमध्ये ‘इनेट_अ‍ॅडर’ चौदा ठिकाणी निघालं.