डब्यातला मोजणीदार

'सेट-टॉप बॉक्स' या नावाला आता काही अर्थ उरलेला नाही. टीव्ही इतके सपाट झालेत की त्यांच्या डोक्यावर डबा सोडाच, क्रोशाचा रुमालही राहणार नाही. सरकारी भाषांतरकाराच्या तावडीत सापडला असता तर त्याची 'संचशीर्षपेटी' झाली असती. सुदैवाने लोकांनी त्याला नुसतं 'बॉक्स' म्हटलं आणि आमच्या सांगलीच्या घरात तो 'डबा' झाला. "डबा बंद कर", "डब्याचा रिमोट कुठंय?", "डब्याचे पैसे भरले का?" वगैरे.

नोकरीची पहिली तीन वर्षं मी याच डब्याच्या फर्मवेअरवर काढली. नातेवाइकांत ही बातमी पसरल्यापासून प्रत्येक लग्नात कुणीतरी काका मला पंगतीत गाठून विचारतातच, "काय रे, हा डबा लागतोच कशाला? टीव्हीतच का बसवत नाहीत?" जिलेबी हातात असताना याचं उत्तर देता येत नाही. आज शनिवार आहे, वेळ आहे, तर देतो.

आधी सोपा भाग. जुन्या अ‍ॅनालॉग केबलमध्ये एका चॅनेलला 7 ते 8 मेगाहर्ट्झ जागा लागायची. म्हणजे वायरीत साठ-सत्तर चॅनेल कोंबली की केबलवाल्याचा खेळ संपला. डिजिटलमध्ये त्याच 8 मेगाहर्ट्झमधून सेकंदाला साधारण 38 मेगाबिट जातात. एक साधं चॅनेल एमपेग-2 मध्ये तीन-चार मेगाबिटमध्ये मावतं, म्हणजे एकाच्या जागी दहा. एमपेग-4 वापरलं तर त्याहून जास्त. ही सगळी चॅनेल्स 188 बाइटच्या छोट्या छोट्या पाकिटांमध्ये चिरून, एकमेकांत मिसळून येतात. प्रत्येक पाकीट हेक्समधल्या 47 या आकड्याने सुरू होतं आणि त्यावर एक नंबर असतो. डब्याने फक्त आपल्या नंबरची पाकिटं उचलायची, जोडायची, उलगडायची आणि टीव्हीला द्यायची. पोस्टातल्या टपाल वर्गीकरणासारखंच काम, फक्त सेकंदाला हजारो पाकिटं.

हे सगळं टीव्हीत सहज बसतं, आणि अनेक टीव्हींमध्ये असा ट्यूनर असतोही. मग डबा कशाला?

तर मंडळी, डबा लागतो तो कुलपासाठी.

पे चॅनेलची पाकिटं कुलूपबंद येतात. कुलपाची चावी 64 बिटांची असते आणि साधारण दर दहा सेकंदांनी बदलते! तुम्ही मालिकेतल्या सासूचा एक डायलॉग ऐकताय तेवढ्यात चावी बदललेली असते. नवी चावी त्याच सिग्नलमधून येते, पण तीही एन्क्रिप्ट करून (तिला ईसीएम म्हणतात). ती उघडायचा अधिकार कुणाला आहे, हे सांगणारा वेगळा निरोप असतो, त्याला म्हणतात ईएमएम. आता गंमत बघा. सॅटेलाइट डिशचा डबा कंपनीला उलट काहीच सांगू शकत नाही. केबलचंही बहुतेक तसंच. रस्ता एकेरी. त्यामुळे तुम्ही रिचार्ज केलंत की कंपनी तुमच्या एकट्याच्या डब्याला फोन लावत नाही. ती सगळ्यांनाच ओरडून सांगते, "अमुक नंबरचा डबा, तुझे पैसे आले!" आणि थोड्या थोड्या वेळाने तेच परत ओरडत राहते. लाखो डबे ते ऐकतात आणि एकच डबा ते मनावर घेतो.

म्हणून रिचार्ज केल्यावर कस्टमर केअरची मुलगी सांगते, "सर, बॉक्स चालू ठेवा." ती टोलवत नसते. डबा बंद असेल तर निरोप ऐकणार कोण? गावाहून आठ-पंधरा दिवसांनी परत आल्यावर पैसे भरलेले असूनही चॅनेल दिसत नाहीत, त्याचंही कारण बहुतेक वेळा हेच. तेव्हा रिमोट आपटू नका, एखादं चॅनेल लावून ठेवा आणि चहा टाका.

आता कुलूप का लागलं, ते. इथे गोष्ट इंजिनिअरिंगची राहत नाही, पैशांची होते.

1991 च्या आखाती युद्धानंतर गल्लोगल्ली केबल आली. आमचा केबलवाला सायकलवरून यायचा, नारळाच्या झाडावरून वायर न्यायचा आणि एक तारखेला पावतीपुस्तक घेऊन दारात उभा राहायचा. गणपतीत वर्गणी मागायलाही तोच. त्याच्या वायरीला किती घरं जोडलेली आहेत हे फक्त त्यालाच ठाऊक असायचं. चॅनेलवाल्यांना तो सांगेल तो आकडा. चारशे घरं असतील तर ऐंशी सांगायचा. देशभर असंच चाललं होतं. चॅनेलवालेही काही हरिश्चंद्र नव्हते. खोटा आकडा गृहीत धरूनच ते दर वाढवायचे, आणि केबलवाला त्यांची चॅनेल्स बंद करायचा. मॅचच्या दिवशी हमखास.

अ‍ॅनालॉग वायरीत कुणाचं घर कुठे जोडलंय हे मोजायची सोयच नव्हती. प्रत्येक घरात एक नंबर असलेलं यंत्र बसवलं आणि पैसे भरल्याशिवाय ते उघडलं नाही, तरच मोजता येणार. डबा म्हणजे घरोघरी बसवलेला मोजणीदार. चांगलं चित्र, गाईड, रेडिओ चॅनेल्स हे सगळं त्याच्याबरोबर आलं, पण त्याची नेमणूक मोजणीसाठी झाली.

आणि मोजून घ्यायला कोणीच राजी नव्हतं. 2002 मध्ये केबलच्या कायद्यात बदल होऊन 'कॅस' आलं. 1 सप्टेंबर 2003 ला ते फक्त चेन्नईत नीट लागू झालं. दक्षिण मुंबईला 2006 चा 31 डिसेंबर उजाडावा लागला, तोही कोर्टाच्या आदेशानंतर. तेव्हा ट्रायने ठरवलेला दर होता 77 रुपयांत निदान 30 फुकट चॅनेल्स आणि प्रत्येक पे चॅनेलला 5 रुपये. बाकी मुंबईसह चार महानगरांत सक्तीच्या डिजिटायझेशनची मुदत होती 31 ऑक्टोबर 2012 ची, आणि पुण्यासह 38 शहरांत 31 मार्च 2013 ची. सांगलीसारख्या शहरांसाठी 31 डिसेंबर 2015 ही तारीख होती, ती कोर्टकचेऱ्यांत पुढे सरकत गेली.

दरम्यान 2003 पासून डीटीएचच्या छत्र्या गच्चीवर उगवू लागल्या होत्या. त्यांचा डबा जन्मजात डिजिटल. फक्त पाऊस आला की पंचाईत. 11-12 गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे पावसाचे टपोरे थेंब त्यांना चांगलंच शोषतात. अ‍ॅनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, पण मुंग्यांमधूनही सचिन ओळखू यायचा. डिजिटलमध्ये चित्र शेवटपर्यंत चकाचक असतं, मग चौकोन पडतात आणि मग थेट निळा पडदा. मधलं काही नाही.

आता बाबांचं सांगतो. बाबा बँकेतून निवृत्त. 2019 च्या 1 फेब्रुवारीपासून 'हवी ती चॅनेल्स निवडा, तेवढेच पैसे द्या' असा नियम आला तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला. वही घेतली, आखली, आणि बसले. शंभर चॅनेल्सपर्यंत 130 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे. त्यावर पे चॅनेल्स. चॅनेलला पॅकेजमध्ये घालायचं असेल तर किंमत 19 रुपयांच्या वर नको, अशी अट होती. मोठमोठ्या चॅनेल्सनी किंमत लावली नेमकी 19! आईच्या दोन मालिका, बाबांच्या बातम्या, क्रिकेट, एक सिनेमाचं चॅनेल एवढं सुटं धरलं तरी बिल पूर्वीच्या वर जाई. आणि त्याच चॅनेल्सचं पॅकेज घेतलं, नको असलेल्या आठ-दहांसकट, तर स्वस्त. बाबांनी दोनदा बेरीज केली, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "म्हणजे निवडायचा हक्क आहे, पण निवडलं तर दंड."

नंतर ट्रायने पॅकेजमधली सूट किती असावी यावर बंधनं आणली, त्यावर कोर्टात भांडणं झाली, 19 चे 12 ठरले आणि 2022 मध्ये परत 19 झाले. बाबांची वही तोवर कपाटात गेली होती.

पण खरा दणका 2021 मध्ये बसला. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दोघं पुण्याला माझ्याकडे राहायला आले. येताना आईने डबा टॉवेलमध्ये गुंडाळून आणला. दीड हजार रुपये देऊन विकत घेतलेला होता, पावतीसकट. आमच्या सोसायटीत दुसऱ्या कंपनीची केबल. मी डबा उघडून बघितला. जी चिप माझ्या हॉलमधल्या डब्यात, तीच यात. तेच मॉड्युलेशन, तीच पाकिटं. वायर लावल्यावर डब्याने सगळी चॅनेल्स शोधलीसुद्धा, आणि एकही उघडलं नाही. कंपनीला फोन केला तर उत्तर आलं, आमचा नवा बॉक्स घ्यावा लागेल. जुन्या कंपनीने विकलेला माल परत घ्यायला नकार दिला.

बाबांनी विचारलं, "मी विकत घेतलाय ना? मग तो माझा का नाही?"

तीन वर्षं ज्या कोडवर पगार घेतला त्याबद्दलचा हा प्रश्न, आणि माझ्याकडे त्याचं तांत्रिक उत्तर तयार होतं. कुलपाचं गुपित चिपमध्ये जाळलेलं असतं, प्रत्येक कुलूपवाल्याचं वेगळं, आणि कंपन्या बरेचदा स्वतः पदरमोड करून डबे स्वस्तात देतात, तेव्हा गिऱ्हाईक सुटू नये असं त्यांना वाटणारच. हे सगळं खरं आहे. पण बाबांच्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हे. मोबाइलमध्ये आपण सिम बदलतो, फोन तोच राहतो. डब्यातही कुलपाचा भाग वेगळा काढता येतो. डीटीएचच्या लायसन्समध्ये डबे एकमेकांत चालावेत अशी अट पहिल्यापासून होती, डब्यात त्यासाठी खाचही असायची. पण त्या खाचेत घालायचं मॉड्यूल जवळजवळ नव्या डब्याच्याच भावाचं, मग घेणार कोण? एप्रिल 2020 मध्ये ट्रायने पुन्हा शिफारस केली, की सगळे डबे कुठल्याही कंपनीबरोबर चालले पाहिजेत. तरीही घरोघरचे डबे आजही ज्याच्या त्याच्या कंपनीचेच आहेत.

तुम्ही म्हणाल, आता डबा बघतंय कोण? बरोबर आहे. सांगलीचा आमचा केबलवाला आता त्याच खांबांवरून फायबर ओढतो आणि ब्रॉडबँड विकतो. पण एक लक्षात घ्या. इंटरनेटला न जोडलेला तो बिचारा डबा तुम्ही पैसे भरलेत की नाही एवढंच बघायचा. तुम्ही काय बघता, कुठे कंटाळून बदलता, रात्री किती वाजता झोपता, हे त्याने कुणाला सांगितलं नाही, कारण त्याला तोंडच नव्हतं. फोनमधल्या अ‍ॅपला आहे. मोजणीदार बदलला, मोजणी वाढली.

असो. नवीन कनेक्शन घेणार असाल तर एवढं करा: डबा विकत की भाड्याने हे लेखी घ्या, आणि शहर बदलायची शक्यता असेल तर भाड्यानेच घ्या. मासिक पैसे नकोच असतील तर दूरदर्शनची फ्री डिश आहे, पण आपली मालिका तिथे दिसते का ते आधी शेजाऱ्यांकडे बघून या. जुना डबा भंगारवाल्याला देऊ नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

आमचा मात्र दिलेला नाही. बाबा देऊ देत नाहीत. पावतीसकट माळ्यावर आहे.

पुढच्या शनिवारी एचडीएमआय केबल दोनशेची घ्यावी की दोन हजारांची, यावर. :)